न बदललेल्या हृदयातले बदल

फुप्फुस-प्रत्यारोपण म्हणजे छातीतील निकामी फुप्फुसे काढून त्यांच्या जागी मेंदूमृत दात्याची फुप्फुसे बसवणे, अशी या शस्त्रक्रियेची सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. कारण दोन्ही फुप्फुसांच्या मधोमध असलेले हृदय शल्यचिकित्सक काढत नाहीत, बदलत नाहीत, बहुतेक वेळा त्याचे कप्पे उघडून पाहतही नाहीत, आणि तरीही शस्त्रक्रियेच्या त्याच रात्रीपासून ते पूर्वीचे राहत नाही. त्याच्या एका कप्प्यावरचे वर्षानुवर्षांचे ओझे काही मिनिटांत उतरते, दुसऱ्या कप्प्यापुढे कधी न केलेले काम उभे राहते, ठोक्यांची लय काही दिवस बिघडते, आणि त्यानंतर आयुष्यभर घ्यावयाच्या औषधांमुळे रक्तदाबापासून रक्तशर्करेपर्यंत अनेक आकड्यांवर लक्ष ठेवणे भाग पडते. दात्याचा अवयव घेऊन धावणाऱ्या रुग्णवाहिका आणि त्यांच्यासाठी मोकळे केलेले रस्ते यांच्या बातम्यांत या बदलांना जागा मिळत नाही, आणि त्याबद्दल बातमीदारांना दोष देता येणार नाही, कारण हे बदल डोळ्यांना दिसत नाहीत. ते पडद्यावरच्या करड्या आकृत्यांतून आणि दाबाच्या आलेखांतून वाचावे लागतात. या अंकाच्या ‘शेजार’ या सूत्राला मानवी शरीरात याहून चपखल उदाहरण क्वचितच सापडेल.

ओझे पेलणारी पातळ भिंत

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना, म्हणजे जिथे रक्त आधी येऊन जमते त्यांना, अलिंदे म्हणतात आणि खालच्या, रक्त पुढे ढकलणाऱ्या कप्प्यांना निलये म्हणतात. डावे निलय सगळ्या देहाला रक्त पुरवते, म्हणून त्याची भिंत सुमारे एक सेंटिमीटर जाड आणि त्याचा आडवा छेद जवळपास गोल असतो. उजव्या निलयाला फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत रक्त पोचवायचे असते, म्हणून त्याची भिंत अवघी तीन ते पाच मिलिमीटर जाड असते आणि ते डाव्या निलयाला चंद्रकोरीच्या आकारात बिलगून असते. निरोगी माणसाच्या फुप्फुसधमनीतील, म्हणजे उजव्या निलयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या नलिकेतील, सरासरी दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या सुमारे १४ मिलिमीटर असतो, तर देहभर जाणाऱ्या महाधमनीतील सरासरी दाब ९०च्या घरात असतो. दोन्ही बाजूंनी वाहणारे रक्त मात्र मिनिटागणिक जवळपास सारखेच असते.

या हलक्या कामामुळेच उजव्या निलयाकडे वैद्यकशास्त्राने बराच काळ दुर्लक्ष केले. १९४३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील आयझॅक स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या उजव्या निलयाची भिंत जाळून निकामी केली, तेव्हा शिरांमधील दाब फारसा वाढला नाही, आणि हे निलय म्हणजे रक्त वाहून नेणारी जवळपास निष्क्रिय नळीच असावी, या समजाला त्यामुळे बळ मिळाले. प्रयोगात खोट नव्हती. पण त्या कुत्र्यांची फुप्फुसे निरोगी होती, आणि निरोगी फुप्फुसांसमोर उजव्या निलयाची दुर्बलता झाकली जाते, हे ध्यानात यायला पुढची काही दशके जावी लागली. फुप्फुसांतील नलिका अरुंद झाल्या की हेच निलय रुग्णाचे आयुष्य ठरवू लागते.

नलिका अरुंद होण्याचे मार्ग निरनिराळे असतात. फुप्फुसाच्या एखाद्या भागात प्राणवायू कमी पडला, तर तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळवले जाते. स्वीडनमधील उल्फ फॉन ऑयलर आणि यरान लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये मांडलेली ही यंत्रणा एरवी उपकारक असली, तरी सगळेच फुप्फुस आजारी पडल्यावर ती सर्वत्र एकदम चालू होते आणि दाब वाढवते. फुप्फुसांच्या ऊतींत वण धरणाऱ्या रोगांत नलिकांचे जाळेच नष्ट होत जाते. फुप्फुसधमन्यांच्या उच्च रक्तदाबाच्या मूळ रोगात मात्र हवेच्या पोकळ्या बऱ्याचदा शाबूत असतात आणि बारीक धमन्यांच्या भिंतीच आतून जाड होत जातात. अशा रुग्णाच्या फुप्फुसधमनीतील सरासरी दाब ५० किंवा ६० मिलिमीटरवर जाणे नवलाचे नसते, आणि सध्याच्या व्याख्येनुसार २०च्या वरचा दाब हा रोगच मानला जातो.

उजवे निलय आधी भिंत जाड करून या दाबाला तोंड देते आणि ते अपुरे पडू लागले की पसरते. पसरताना त्रिदली झडपेची, म्हणजे उजवे अलिंद आणि उजवे निलय यांच्यामधील झडपेची, कडा ताणली जाऊन ती गळू लागते, रक्त मागे सरते, मानेच्या शिरा फुगतात, यकृत सुजते आणि पायांवर सूज येते. मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही हृदयरोग विभागात ज्या तपासणीला नुसते ‘टू-डी इको’ म्हणतात, त्या ध्वनिलहरींच्या चित्रात हा प्रकार सामान्य माणसालाही ओळखता येईल इतका ठळक दिसतो: दोन निलयांमधला पडदा डावीकडे ढकलला जातो आणि एरवी गोल दिसणारे डावे निलय एका बाजूने चपटे होते. रुग्णाचे नातेवाईक तंत्रज्ञाला विचारतात तो प्रश्न ‘प्रेशर किती आलं?’ असा असतो. पण दाबाइतकेच महत्त्व त्या दाबाशी झुंजणारे निलय अजून किती हालते याला असते, आणि त्रिदली झडपेच्या कडेची हालचाल १७ मिलिमीटरहून कमी भरली की निलय थकले आहे असे डॉक्टर मानतात.

हृदयही बदलावे का?

इतके पसरलेले, थकलेले निलय नव्या फुप्फुसांना रक्त पुरवू शकेल, यावर प्रारंभीच्या शल्यचिकित्सकांचा विश्वास बसणे कठीण होते. मार्च १९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ब्रूस राइट्झ आणि नॉर्मन शमवे यांनी फुप्फुसधमन्यांच्या उच्च रक्तदाबाने आजारी असलेल्या ४५ वर्षांच्या एका स्त्रीवर शस्त्रक्रिया केली, तेव्हा त्यांनी दात्याचे हृदय आणि दोन्ही फुप्फुसे एकाच गठ्ठ्याने बसवली, आणि ती स्त्री पाच वर्षे जगली. त्याआधी १९६३ मध्ये मिसिसिपी विद्यापीठात जेम्स हार्डी यांनी मानवावर पहिले फुप्फुस-प्रत्यारोपण केले होते, पण तो रुग्ण १८ दिवसच जगला होता आणि नंतरच्या जवळपास दोन दशकांतले प्रयत्न निष्फळ ठरले होते. त्यामुळे स्टॅनफर्डच्या यशानंतर संपूर्ण गठ्ठा बदलणे हाच सुरक्षित मार्ग वाटू लागला.

या मार्गाला शरीररचनेतील एका बारकाव्याचाही आधार होता. श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या फुप्फुस-प्रत्यारोपणात पुन्हा जोडल्या जात नाहीत, त्यामुळे नळ्यांची शिवण उपाशी राहून उसवण्याचा धोका असतो. हृदयासकट गठ्ठा बसवला तर हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतून आडवाटेने थोडे रक्त श्वासनलिकेला मिळत राहते. म्हणूनच १९८०च्या दशकात इंग्लंडमधील हेअरफील्ड रुग्णालयात मॅग्दी याकूब यांच्या पथकाने, ज्यांची हृदये चांगली होती अशा, सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसे निकामी करणाऱ्या रोगाच्या रुग्णांनाही हृदय-फुप्फुसांचा गठ्ठा बसवला आणि त्यांची काढलेली हृदये हृदयाच्या प्रतीक्षेतील दुसऱ्या रुग्णांना दिली. ‘डॉमिनो’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या साखळीत एक अनपेक्षित लाभ दिसून आला: आजारी फुप्फुसांशी झगडून या हृदयांचे उजवे निलय थोडे जाड झालेले असे, आणि ज्या रुग्णाच्या फुप्फुसधमनीतला दाब आधीच वाढलेला असे त्याला असे सरावलेले हृदय अधिक मानवे.

प्रश्न उलट बाजूने सुटला तो टोरंटोमध्ये. नोव्हेंबर १९८३ मध्ये जोएल कूपर यांनी फुप्फुसांत वण धरलेल्या ५८ वर्षांच्या पुरुषाला एकच फुप्फुस बसवले, त्याच्या हृदयाला हात लावला नाही, आणि तो रुग्ण सहा वर्षांहून अधिक काळ जगला. १९८६ मध्ये त्यांच्याच पथकाने दोन्ही फुप्फुसे बसवण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. कूपर सेंट लुईच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेल्यावर तेथे १९९०च्या आगेमागे फुप्फुसधमन्यांच्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना केवळ फुप्फुस देऊन पाहण्यात आले, आणि जे उजवे निलय वाया गेले असे धरून चालले होते ते पुन्हा आकसले, जोराने हालू लागले, झडपेची गळती कमी झाली. दुर्बल भासणारा स्नायू मेलेला नव्हता, तो केवळ त्याच्या कुवतीबाहेरच्या दाबाखाली अडकला होता, हा त्या निष्कर्षाचा गाभा होता, आणि आज जगभर वर्षाला होणाऱ्या चार हजारांहून अधिक फुप्फुस-प्रत्यारोपणांच्या तुलनेत हृदय-फुप्फुस गठ्ठ्याच्या शस्त्रक्रिया शंभरीच्याही आत राहिल्या आहेत त्या प्रामुख्याने याच निष्कर्षामुळे.

एकच फुप्फुस देण्याची पद्धत या रोगापुरती मात्र मागे पडली. जुन्या फुप्फुसाच्या नलिका अरुंदच राहिल्याने जवळपास सगळे रक्त नव्या फुप्फुसाकडे धावते, हवा मात्र दोन्हींत विभागली जाते. नवे फुप्फुस थोडेसे बिघडले, तरी रुग्णाला सावरायला दुसरा आधार उरत नाही. आता अशा रुग्णांना दोन्ही फुप्फुसे देण्याकडेच कल आहे.

शस्त्रक्रियागृहातले काही तास

दोन्ही स्तनांखालून छातीच्या हाडासह आडवा छेद घेऊन एकेक फुप्फुस क्रमाने बदलले जाते आणि प्रत्येक फुप्फुसाच्या तीन जोडण्या कराव्या लागतात: श्वासनलिकेची, फुप्फुसधमनीची आणि डाव्या अलिंदाच्या भिंतीच्या त्या चकतीची, जिच्यात फुप्फुसातून परतणाऱ्या दोन शिरा उघडतात. यातील शेवटची जोडणी प्रत्यक्ष हृदयावर असते, म्हणजे ‘हृदयाला हात लागत नाही’ हे विधान शब्दशः खरे नाही.

या काही तासांत उजव्या निलयाची परीक्षा अनेकदा होते. भूल देतानाच रक्तदाब घसरला तर दाबाखाली असलेल्या निलयाच्या स्नायूला रक्त कमी पडते आणि हृदय थांबू शकते, म्हणून दाब फार वाढलेल्या रुग्णांत मांडीच्या रक्तवाहिन्यांत नळ्या आधीच तयार ठेवल्या जातात. पहिले फुप्फुस काढण्यासाठी त्याची धमनी चिमट्याने बंद केली की सगळे रक्त उरलेल्या आजारी फुप्फुसातून जाऊ लागते आणि निलयावरचा भार एकदम वाढतो. डाव्या फुप्फुसाच्या शिरांपर्यंत पोचण्यासाठी हृदय बाजूला उचलावे लागते तेव्हा त्यात रक्त भरणेच कमी होते. आणि नव्या फुप्फुसात रक्त सोडल्यावर, शिवणीत अडकलेला हवेचा एखादा बुडबुडा हृदयाच्या उजव्या धमनीत शिरू शकतो. पाठीवर झोपलेल्या रुग्णात या धमनीचे मुख वरच्या बाजूला असल्याने हवा तिकडेच जाते आणि उजवे निलय काही मिनिटे सुन्न होते. या सगळ्यांतून निभावण्यासाठी अनेक केंद्रे शस्त्रक्रियेदरम्यान एक्मो वापरतात. हे यंत्र रक्त शरीराबाहेर घेऊन त्यात प्राणवायू मिसळते आणि पुन्हा आत सोडते, त्यामुळे हृदय आणि फुप्फुस या दोघांच्याही कामाचा काही वाटा ते उचलते.

दुसरे फुप्फुस जोडून धमनीचा चिमटा काढला की फुप्फुसधमनीतला दाब तिथल्या तिथे उतरतो. ढकललेला पडदा मध्यावर येतो, आणि अन्ननलिकेतून घातलेल्या इको-सळईच्या पडद्यावर डावे निलय पुन्हा गोल दिसू लागते. क्वचित हा दिलासाच घात करतो: वर्षानुवर्षे जाड झालेला उजव्या निलयाचा स्नायू अडथळा नाहीसा झाल्यावर इतक्या जोराने आकुंचतो की रक्त बाहेर पडण्याची स्वतःचीच वाट तो दाबून टाकतो. हृदयशल्यचिकित्सक याला ‘आत्मघाती निलय’ म्हणतात, आणि अशा वेळी आकुंचन वाढवणारी औषधे, जी एरवी रक्तदाब पडल्यावर हाताशी घेतली जातात, ती परिस्थिती अधिकच बिघडवतात; ती थांबवून द्रव देणे आणि ठोके मंदावणे हा त्यावरचा उपाय असतो.

डाव्या निलयाची अडचण

अतिदक्षता विभागातल्या पुढच्या काही दिवसांत चिंता उजव्या बाजूची नसते, डाव्या बाजूची असते, आणि या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच आहे. उजवे निलय पुरेसे रक्त पुढे ढकलू शकत नसताना डाव्या निलयात कमी रक्त येत होते, वर पडदा डावीकडे सरकल्याने त्याची जागाही आक्रसली होती. परिणामी ते लहान आणि ताठर झालेले असते, मात्र त्याचे आकुंचन चांगले दिसत असल्याने अहवालात ‘डावे निलय सामान्य’ अशी नोंद असते. प्रत्यारोपणानंतर पूर्ण रक्तप्रवाह त्याच्या वाट्याला येतो, तेव्हा वर्षानुवर्षे अर्धपोटी राहिलेल्या माणसाला एकाएकी पंगतीत बसवून आग्रह करावा तशी त्याची अवस्था होते. ते सैल होऊन रक्त सामावून घेऊ शकत नाही, डाव्या अलिंदातील दाब वाढतो, तो मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि नव्या फुप्फुसांत पाणी झिरपू लागते.

नवी फुप्फुसे हे पाणी सहन करण्याच्या स्थितीत नसतात. कित्येक तास शीतद्रावणात राहून आल्याने त्यांच्या केशवाहिन्या गळक्या झालेल्या असतात, आणि एरवी ऊतींतले पाणी वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या शस्त्रक्रियेत तुटलेल्या असतात. शल्यचिकित्सक त्या जोडत नाहीत, त्या काही आठवड्यांत आपोआप नवा मार्ग शोधतात. म्हणून खाटेशेजारी सतत एक ओढाताण चालते: मूत्रल औषधे देऊन फुप्फुसे कोरडी ठेवावीत, तर हृदय भरत नाही आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पडते, द्रव द्यावा, तर फुप्फुसे ओली होतात. या आखाड्यात मिलिलिटरचा हिशेब ठेवणाऱ्या परिचारिकांच्या नोंदवह्या या कोणत्याही तज्ज्ञाच्या अंदाजाहून अधिक मोलाच्या ठरतात.

जर्मनीतील हॅनोव्हर येथील वैद्यकीय विद्यापीठाच्या पथकाने या अडचणीवर एक वेगळी वाट काढली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. फुप्फुसधमन्यांच्या तीव्र उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत शस्त्रक्रिया संपल्यावर एक्मो काढून न टाकता ते काही दिवस मुद्दाम चालू ठेवायचे, रुग्णाला मात्र लवकर जागे करून श्वासाच्या नळीतून मोकळे करायचे, आणि यंत्राचा वाटा हळूहळू कमी करत डाव्या निलयाला वाढत्या रक्ताची सवय लावायची, अशी ती पद्धत आहे. उजव्या निलयाने कष्ट केले म्हणून ते जाड झाले आणि डाव्याला काम मिळाले नाही म्हणून ते खंगले. बरे होताना पहिले लवकर सावरते आणि दुसऱ्याला शिकवावे लागते, हा क्रम तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या भीतीच्या नेमका उलट निघाला.

त्यानंतरचे बदल संथ असतात. उजव्या निलयाचा आकार आणि जोर काही आठवड्यांत ते महिन्यांत बहुतांशी पूर्ववत होतो, भिंतीची जाडी उतरायला त्याहून अधिक काळ लागतो, आणि त्रिदली झडप बहुधा दुरुस्तीशिवायच सुधारते.

शिवणीचे वर्तुळ

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात बऱ्याच रुग्णांच्या, ढोबळमानाने तिघा-चौघांतील एकाच्या, अलिंदांत कंपन सुरू होते. अलिंदे शिस्तीत आकुंचन पावण्याऐवजी थरथरतात आणि नाडी वेगवान व अनियमित होते. डाव्या अलिंदावरची ताजी शिवण, हृदयावरणाचा दाह, रक्तदाब टिकवणारी औषधे आणि द्रवाचे चढउतार ही त्याची कारणे, आणि रुग्णाचे वय जितके अधिक तितका हा संभव वाढतो. उपचार सोपे नसतात: ॲमिओडॅरोन हे नेहमीचे प्रभावी औषध स्वतःच फुप्फुसांना इजा करू शकते, आणि रक्त पातळ करणारी औषधे ताज्या शिवणीजवळ जपून द्यावी लागतात.

पण पुढे एक विलक्षण गोष्ट घडते. अलिंदकंपनाला चालना देणारे विद्युतसंकेत बहुतेकदा फुप्फुसशिरांच्या मुखांपाशी उगम पावतात, हे फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल हाइसागेअर यांच्या पथकाने १९९८ मध्ये दाखवले आणि त्यानंतर त्या मुखांभोवती जाळून वर्तुळाकार व्रण करणे, म्हणजे संकेतांची वाट तोडणे, हा या विकारावरचा प्रस्थापित उपचार झाला. फुप्फुस-प्रत्यारोपणात डाव्या अलिंदावर घातलेली शिवण त्याच जागी, तसेच वर्तुळ काढते. म्हणजे शल्यचिकित्सकाच्या मनात नसताना तोच उपचार होऊन जातो. त्यामुळे आरंभीचे दिवस उलटल्यावर, विशेषतः दोन्ही फुप्फुसे बदललेल्यांत, अलिंदकंपन बरेच कमी आढळते. व्रणाभोवती विद्युतलहर गोल फिरत राहण्याचा एक वेगळा लयबिघाड काहींना नंतर होतो, हे मात्र त्याच शिवणीचे देणे होय.

चेतातंतूंचीही अशीच गोष्ट आहे. हृदय-प्रत्यारोपणात हृदयाचे चेतातंतू तुटल्याने नाडी विश्रांतीतही ९० ते ११० पर्यंत राहते. केवळ फुप्फुसे बदलली तर हृदयाचे तंतू शाबूत राहतात, फुप्फुसांचे तुटतात. श्वास घेताना नाडी किंचित वेगावते आणि सोडताना मंदावते, या निरोगी चढउताराला फुप्फुसांच्या ताणाची वर्दी मेंदूला पोचणे कितपत आवश्यक आहे, हे तपासण्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेरोम डेम्प्सी यांच्यासह काही संशोधकांनी प्रत्यारोपित फुप्फुसांच्या रुग्णांचा अभ्यास केला. १९९५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार या रुग्णांत तो चढउतार ठळकपणे मंदावलेला होता. हृदयाचे तंतू धड असूनही श्वासाशी असलेली त्याची लय सैल होते. रुग्णाला मात्र ते जाणवत नाही.

फुगलेली फुप्फुसे, आक्रसलेली फुप्फुसे

वरचे वर्णन दाबाच्या रोगाला धरून असले, तरी बहुतेक प्रत्यारोपणे अन्य रोगांसाठी होतात आणि तेथे हृदयाचा अनुभव निराळा असतो. धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसे फुगलेल्या रुग्णाच्या क्ष-किरण चित्रात हृदय उभे, निमुळते आणि लहान दिसते, कारण दोन्ही बाजूंची फुगलेली फुप्फुसे त्याला दाबून धरतात. फुप्फुसांचा नाश जितका अधिक, तितके डावे निलय कमी भरते, हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने २०१० मध्ये दाखवून दिले. नवी, योग्य मापाची फुप्फुसे बसली आणि श्वासपटल वर आले की तेच हृदय चित्रात मोठे दिसू लागते, आणि अहवालात ‘हृदय वाढले’ असे वाचून नातेवाईक घाबरतात, तेव्हा ते वाढले नसून मोकळे झाले आहे हे त्यांना समजावून सांगावे लागते.

भारतात प्रत्यारोपणाच्या यादीत वण धरणाऱ्या, म्हणजे फुप्फुसे आक्रसवणाऱ्या, रोगांचे रुग्ण मोठ्या संख्येने असतात. अशा रोगांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदवहीत हजारांहून अधिक रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना अतिसंवेदनशीलतेमुळे होणारा फुप्फुसदाह होता. पक्ष्यांची विष्ठा आणि कूलरमधील बुरशी ही त्यामागची ओळखीची कारणे; दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत पेटलेल्या वादात फुप्फुसे पुष्कळदा आली, पण या रोगाच्या उत्तरार्धात उजव्या निलयावरही दाब येतो, हे त्या गदारोळात कोणी सांगितल्याचे दिसले नाही. वण धरलेल्या रुग्णाला एकच फुप्फुस दिले, तर आक्रसलेले जुने फुप्फुस हृदयाला आपल्याकडे ओढत राहते आणि बहुतांश रक्त नव्या फुप्फुसाकडे जाते. ही विषमता बहुतेकांना सोसते.

दम लागतो, पण कुणाचा?

प्रत्यारोपणानंतर वर्षभराने रुग्णाची श्वासक्षमता उत्तम आणि इको स्वच्छ असूनही, व्यायामाच्या कमाल क्षमतेच्या चाचणीत तो अपेक्षित प्राणवायूच्या ४० ते ६० टक्केच वापरू शकतो, हे जगभरच्या केंद्रांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. चाचणी थांबते तेव्हा फुप्फुसांत राखीव क्षमता शिल्लक असते, हृदयातही असते. थकतात ते पाय. दीर्घ आजारात खंगलेले स्नायू, स्टेरॉइड आणि पेशींतील ऊर्जानिर्मितीवर परिणाम करणारी अवयव-नकाररोधक औषधे ही त्याची कारणे मानली जातात, आणि म्हणून जिना चढताना दम लागला की हृदयाची तपासणी मागणाऱ्या रुग्णाला पुष्कळदा फिजिओथेरपी विभागाचा रस्ता दाखवला जातो.

हृदयाला खरा धोका सावकाश येतो आणि तो औषधांतून येतो. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन यांच्याशिवाय नवे फुप्फुस टिकत नाही, पण ही औषधे रक्तवाहिन्या आकुंचित ठेवतात, मूत्रपिंडे झिजवतात, टॅक्रोलिमस रक्तशर्करा वाढवते, सायक्लोस्पोरिन विशेषतः चरबी. शस्त्रक्रियेपूर्वी रक्तदाब सामान्य असलेल्यांपैकी बहुसंख्य रुग्ण पाच वर्षांत रक्तदाबाच्या गोळ्यांवर येतात. टोरंटोचा तो पहिला यशस्वी रुग्णही अखेर मूत्रपिंडे निकामी होऊन गेला. या औषधांची रक्तातील ‘लेव्हल’ हा रुग्णांच्या बोलण्यातला रोजचा शब्द असतो, कारण ती सहज हलते: डिल्टियाझेम हे हृदयाचे नेहमीचे औषध ती वाढवते, बुरशीवरील व्होरिकोनाझोल ती कितीतरी पट वाढवते, कोकणात सणासुदीला आवडीने खाल्ले जाणारे पपनसही वाढवू शकते, आणि व्होरिकोनाझोलच्या जोडीला जुनाट अवयव-नकारावर दिले जाणारे ॲझिथ्रोमायसिन आले, तर प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचा विद्युतभार पूर्ववत होण्याचा काळ लांबून घातक लयबिघाड होऊ शकतो, म्हणून ईसीजी काढल्याशिवाय ती जोडी सुरू करू नये असा दंडक आहे. जुनाट अवयव-नकार बळावला तर फुप्फुसधमनीतला दाब पुन्हा वाढू शकतो आणि उजवे निलय दुसऱ्यांदा त्याच चढणीला लागते.

एका दात्याचे हृदय आणि फुप्फुसे

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४चा केंद्रीय कायदा सर्वप्रथम लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश होते, आणि महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या मिळालेल्या अवयवांचे वाटप करतात. असे असूनही फुप्फुसांसाठी मराठी कुटुंबे चेन्नई किंवा हैदराबाद येथे महिनोन्‌महिने खोल्या भाड्याने घेऊन राहतात, कारण फुप्फुस देहाबाहेर सहा-आठ तासांपलीकडे सहसा ठेवले जात नाही आणि बोलावणे आले की तासाभरात पोचणे आवश्यक असते. चेन्नईतच १९९९ मध्ये के. एम. चेरियन यांनी भारतातले पहिले हृदय-फुप्फुस प्रत्यारोपण केले.

हा गठ्ठा कोणाला द्यावा, हा प्रश्न भारतात अधिक टोचरा आहे, कारण जन्मतः हृदयाच्या पडद्यात छिद्र असलेली आणि ते वेळेत न बुजवलेली मुले येथे तरुणपणी फुप्फुसधमन्यांचा अपरिवर्तनीय दाब घेऊन दवाखान्यात येतात. १८९७ मध्ये व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी वर्णिलेल्या या अवस्थेत निळसर ओठ आणि फुगीर बोटे ही खूण असते. अलिंदांमधले साधे छिद्र असेल तर ते बुजवून केवळ फुप्फुसे बदलता येतात. रचना गुंतागुंतीची असेल तर हृदयही द्यावे लागते, आणि तसे केले की त्याच दात्याच्या हृदयावर आस लावून बसलेल्या दुसऱ्या कोणाचे तरी नाव यादीत तसेच राहते. म्हणून बहुतेक केंद्रे केवळ उजवे निलय थकले आहे एवढ्यावरून हृदय बदलत नाहीत. यादीत नाव घालण्यापूर्वी मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून उजव्या हृदयात नळी सरकवून दाब मोजले जातात, तेव्हा फुप्फुसधमनीच्या आकड्याबरोबरच, नळीचे टोक बारीक धमनीत अडकवून अप्रत्यक्षपणे मिळणारा डाव्या बाजूचा दाबही तितक्याच काळजीने वाचला जातो, आणि तो वाढलेला निघाला तर रुग्णाला फुप्फुसे द्यायची की सगळा गठ्ठा, ही चर्चा तिथून नव्याने सुरू होते.